तारमास्तरांचा ईमेलचा डबा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं.

ईमेल नवीन नवीन आलं तेव्हा दादानं परगावाहून बाबांना एक डबा पाठवला होता. करडा, पाटीएवढा. पुढे टायपिंगची बटणं, वर चार ओळी मावतील एवढा पडदा आणि कोपऱ्यात पत्र पाठवायचं हिरवं बटण. फोनची वायर जोडली की काम भागलं, कॉम्प्युटरची गरज नाही. दोन वर्षांत तो चालवणारी कंपनीच बंद पडली. मग डब्यानं आमच्याकडे पडेल ते काम केलं. खिडकीला टेकण झाला, औषधांची यादी ठेवली, मध्यंतरी तर नुसतं घड्याळ म्हणून भिंतीशी उभा होता.

गेल्या वर्षी बाबांची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हा मीच डबा पुसून त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताच्या एका बोटानं ते टाइप करायचे, मी वाचायचे. पाणी. पंखा. पाय दुखतो.

पण बाबा चौतीस वर्षं तारमास्तर होते. मजकूर लिहिला की तो रवाना झालाच पाहिजे, ही सवय हाडात भिनलेली. पाणी मागून झालं तरी हिरवं बटण दाबायचेच, की पडदा कोरा. "अहो बाबा, पलीकडे घ्यायला बसलंय कोण?" मी म्हणायचे. कधी तासभर टाइप करत बसायचे आणि मी येऊन बघते तो पडदा कोराच. माझं डोकंच फिरायचं.

परवा रविवारी दादा आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "बाबांना आपण शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तिथे नर्स असतात."

मी त्याला फाडून खाल्लं. "वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येतोस आणि मला शहाणपण शिकवतोस? माझं शिवणाचं दुकान बंद केलं मी. बाबा कुठेही जाणार नाहीत."

"त्यांना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? तूच विचार."

दादानं डबा त्यांच्यासमोर धरला. बाबांनी काही टाइप केलं नाही. दोन बटणं दाबली आणि डबा दादाकडे सरकवला. पडद्यावर न गेलेल्या पत्रांची यादी होती, सत्तेचाळीस, सगळी दादाच्या नावानं. फोन लागला नाही की पत्ता घातलेलं पत्र डबा पोटात ठेवून घेतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

दादा वाचत राहिला. मान वर करेना.

"मोठ्यानं वाच की," मी म्हटलं. त्यानं वाचलं नाही, म्हणून मी डबा ओढून घेतला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तारेसारखं तुटक.

"मला तिकडे ने. धाकटी फार करते. थकते. ओरडते. मंगळवारी सूप सांडलं. हातावर मारलं. तिला विचारू नकोस. मग रडत बसते."

मंगळवारी सूप सांडलं होतं. मी मारलंही होतं. तसं ते पहिल्यांदा नव्हतं. सकाळपासून तिसरी चादर बदलत होते मी, असं दादाला सांगावंसं वाटलं. मला स्वतःचीच किळस आली.

मी बाबांपुढे जमिनीवर बसले. "बाबा, जायचंय तुम्हाला?" इतक्या हळू मी त्यांच्याशी वर्षभरात बोलले नव्हते. उत्तर लिहिता यावं म्हणून डबा त्यांच्या मांडीवर ठेवायला हात पुढे केला, तर त्यांनी आपला डावा हात झटकन मागे घेतला आणि चादरीखाली घातला.

"दादा, त्यांची बॅग माळ्यावर आहे," मी म्हटलं. "तू भर. मी बाहेर थांबते."