दारावरची परीक्षा

अण्णांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि हे प्राचीन बौद्ध विद्यापीठ बघायचं मात्र कायम पुढच्या सुट्टीवर ढकललं. आता त्यांना घरचं माणूसही आठवेनासं झालं, तेव्हा लेक त्यांना इथे घेऊन आली. इथे तरी त्यांनी आपल्याला ओळखावं, एवढीच तिला आस होती.

पडक्या दाराशी येताच अण्णा उंबऱ्यावर ऐटीत बसले आणि त्यांनी तिची वाट अडवली. इथे दारावरच पंडित परीक्षा घेत, हे ते वर्गात रंगवून सांगायचे.

"कुठं निघालात बाई? परीक्षेशिवाय आत सोडत नसतो मी."

"विचारा की," ती हसून म्हणाली.

"आधी कुणाकडे शिकलात?"

तिने श्वास रोखून अण्णांचंच पूर्ण नाव सांगितलं.

अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग ओशाळून म्हणाले, "नाही बुवा, कधी ऐकलं नाही हे नाव. पण वळण चांगलं लावलंय त्यांनी. जा आत."

ती आत गेली. भिक्षूंच्या एका रिकाम्या खोलीत बसून तिने पोटभर रडून घेतलं, कारण बाहेर आल्यावर अण्णांशी पुन्हा नव्याने ओळख करून घ्यायची होती.