नकाशावरून पुसलेलं झाड

“झाड जिवंत आहे हो साहेब, चूक माझ्या बोटाची आहे!” अक्का टेबलावर वाकून काकुळतीने म्हणाली.

संगणक विभागातल्या साहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला. “सिस्टीम ‘मृत’ म्हणतेय, अक्का. नोंद तुमचीच.”

नोंद तिचीच होती. बागखात्यात झाडं मोजता मोजता अक्काचे केस पिकले. पूर्वी झाडाला हात लावला, दोन शब्द लिहिले की झालं. आता एकेका झाडामागे पडदाभर रकाने, आणि एखादा रिकामा राहिला की लाल अक्षरं अंगावर धावून यायची. चौकातल्या निळ्या फुलांच्या झाडापुढे तिने ‘निरोगी’ निवडलं होतं. मग खालचं ‘जतन करा’ गाठायला माऊसचं चाक फिरवलं. पान जागचं हललं नाही, रकान्यातला शब्दच घरंगळत गेला: निरोगी, आजारी, मृत. तिने न बघता बटण दाबलं. जतन झालं, की नोंदीला कुलूप.

“मग उघडा ना ते.”

“त्याला वरची मंजुरी लागते. तुमची विनंती प्रलंबित आहे. तोडणीचा आदेश मात्र आपोआप निघतो. उद्याचाच निघालाय.”

“म्हणजे मारायला कुणाला विचारायचं नाही, जगवायला विचारायचं?”

साहेबांनी उगीचच चष्मा पुसला. “मी नाही हो बनवलं. माझी स्वतःची रजा अडकलीय त्यात.”

सकाळी अक्का चौकात पोचली तेव्हा झाड धुक्यात उभं होतं. पान ना फूल. या दिवसांत ते असंच अंगावरचं सगळं टाकून निजतं. तिने खोडाला कान लावला. आत कुणीतरी गुणगुणत असल्याचा तिला नेहमीच भास व्हायचा:

नीज गं, नीज गं बाई,
निळं पांघरूण वाळत घातलंय,
वाळलं की आणते गं बाई...

“अक्का, झाड काय म्हणतंय?” बुंध्याशी दुकान मांडून बसलेल्या किल्लीवाल्याने विचारलं.

“झोपमोड करू नका म्हणतंय.”

तेवढ्यात करवतीची गाडी आली. मुकादम खाली उतरला. अक्काने नखाने साल खरवडली. आत ओला हिरवा रंग.

“दिसतंय हो मला,” मुकादम म्हणाला. “मी काय आजचा आहे? पण तोडलेल्या लाकडाचा फोटो टाकून ‘काम पूर्ण’ दाबल्याशिवाय हे यंत्र पुढचा पत्ता देत नाही. दिवसभर माझी माणसं इथंच बसवू का?”

“वर ती एक वाळकी फांदी आहे बघा,” अक्का हळूच म्हणाली.

मुकादमाने वर पाहिलं, मग तिच्याकडे. मिशीतल्या मिशीत हसला. फांदी उतरली, फोटो निघाला. त्याने फोन तिच्यापुढे धरला. “दाबा तुम्हीच. पण विचार करा. एकदा दाबलं की हे झाड नाहीच. टँकर थांबणार नाही, औषध नाही, खत नाही. वादळात पडलं, तरी उचलायला कुणी यायचं नाही.”

अक्काने या खेपेला नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि दाबलं. फोनमधल्या नकाशावरचा झाडाचा ठिपका विझला.

तिच्या विनंतीला पुढे उत्तर आलं: ‘सदर वृक्ष अस्तित्वात नसल्याने विनंती रद्द.’ साहेबांनी ते वाचून दाखवलं. ती नुसतं “बरं” म्हणाली.

उन्हं तापली. चौक निळा झाला. येणारेजाणारे मान वर करून क्षणभर चाल विसरायचे. टँकर शेजारच्या झाडांपाशी थांबत थांबत आला आणि या झाडापुढून तसाच निघून गेला. किल्लीवाल्याने नळावरून भरून आणलेली बादली अक्काने दोन्ही हातांनी उचलली. पाण्यात फुलं पडली होती. ती न काढताच तिने पाणी मुळाशी सोडलं, आणि माती ते पिऊन टाकेपर्यंत तिथेच उभी राहिली.