मोटेची सोंड

माझी धाकटी बहीण कस्तुरा हिचं लग्न १९७१ सालच्या वैशाखात झालं आणि त्याच वर्षी तिच्या सासरची उरलेली जमीन कारखान्यांसाठी गेली. भोसरीपासून फार लांब नव्हती ती. विहिरीसकट गेली. तिचे सासरे धोंडीबा यांनी त्या विहिरीवर सारी उमर मोट हाणली होती. आता बैल विकले, मोट, पाणी ओतणाऱ्या चामडी सोंडेसकट, गोठ्यात टांगली, आणि म्हातारा रिकामा झाला.

कस्तुराचा नवरा ज्योतीराम याने लष्करी लिलावातली एक जुनी परदेशी गाडी घेतली. नदीपलीकडच्या वाड्यांतले कामगार शिफ्टला न्यायचे-आणायचे, एवढ्यावर घर चालायचं होतं. वाट इंद्रायणीच्या पात्रातून, सगळी दगडांची. म्हणून भोसरीच्या बबनराव मिस्त्रीने स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी वीतभर उंच केली. काम झाल्यावर त्याने आम्हाला खाली वाकून दाखवलं. चाक फिरवणारा दांडा जिथे चाकाला मिळतो, त्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी आवरण होतं; त्याला तो बूट म्हणायचा.

"गाडी उंच झाली, दांडा तिरका आला. आता ह्या रबराला ताण हाय," तो म्हणाला. "हे फाटलं की आतलं ग्रीस जाणार, वाळू शिरणार, सांधा खलास. असलं रबर इकडं मिळत न्हाई, राव. जपा त्याला."

धोंडीबा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. गाडी उंच असल्यामुळे म्हाताऱ्याला खाली सरकता येई. चारही चाकांची बुटं धुवायची, घडीघडीतली माती काडीने काढायची, मग करंजाच्या तेलात बोट बुडवून प्रत्येक घडीत जिरवायचं.

"मामंजी, बाळंतिणीचं पोर हाय का ते?" कस्तुरा हसायची. "तुमच्या नातवाला एवढं तेल कुणी लावलं न्हाई."

"तू गप. मोटंची सोंड अशीच असती. चामडं कोरडं पडलं की चिरतं. माजी सोंड कंदी चिरली न्हाई."

त्यांचं खरं होतं. मोटेचं चामडं तेलानेच राहतं. ज्योतीरामला वाटलं, बाप पुन्हा माणसात आला. मी जायचो तेव्हा म्हातारा मला गाडीखाली बोलवायचा. रबर काळंभोर चमकत असायचं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी वळताना पुढून कटकट आवाज येऊ लागला. बबनरावला बोलावलं. तो खाली गेला आणि खालूनच म्हणाला, "आरं, हे तर भज्यावानी फुगलंय. तेल कुणी लावलं?"

"म्या," धोंडीबा म्हणाले. "करंजाचं. आत ग्रीस भरलंय, मग भायेर तेल लावलं तर काय बिघडंल?"

"बाबा, ही मोट न्हाई. आतलं ग्रीस त्याला सोसंल असं असतंय. तुमच्या तेलानं रबर कुजलं."

ज्योतीराम घाईने म्हणाला, "तेलानं न्हाई, बबनराव. दगडानं फाटलंय."

बबनराव बाहेर आला, हात पुसत हसला. "चारी चाकांस्नी दगड लागला व्हय?"

ज्योतीरामने त्याला डोळ्याने खुणावलं. तो बापाला सांभाळून घेतोय हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं, पण उशिरा. म्हातारा उठून घरात गेला होता.

रबर शोधायला आम्ही दापोडी, खडकी पालथी घातली. कुठेच मिळालं नाही. सायकलची ट्यूब कापून, शिवून बांधली, पण तिरक्या दांड्यावर ती टिकेना. ठोकळे काढून गाडी पुन्हा खाली घ्यावी तर नदी ओलांडता येत नव्हती. शेवटी भर पात्रात सांधा मोडून चाक अडकलं. कामगार पाण्यातून चालत गेले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी सोय पाहिली. गाडी भंगारात गेली. ज्योतीराम एका फाउंड्रीत लागला, तेही रोजंदारीवर.

धोंडीबांनी अन्न कमी केलं. कोणी त्यांना बोललं नव्हतं, तेच त्यांना जड गेलं असावं. एकदा कस्तुराने ताट ठेवलं तेव्हा ते मला म्हणाले, "पाव्हणं, तेल लावायचं न्हवतं, मग काय करायचं व्हतं?"

मी म्हणालो, "पाण्यानं धुवायचं, पुसायचं, आन रोज बघायचं. चीर दिसली की मिस्त्रीला सांगायचं."

"नुस्तं बघायचं?"

"व्हय."

त्यांनी ताट सरकवलं. "नुस्तं बघणं मला कुटं येतंय," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. कस्तुराने पेज करून पाहिली, ज्योतीरामने हात जोडले. "दादा, गाडी गेली ती गेली, तुमी जेवा," म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही.

धोंडीबा १९७४ सालच्या मार्गशीर्षात, सकाळच्या पारी, घरातच वारले. ज्योतीराम तेव्हा पहिल्या शिफ्टला गेला होता.