कासवाचं तोंड जिकडे

पनवेलला तळ्याकाठी आमचं महादेवाचं देऊळ आहे. गाभाऱ्यासमोर दगडी कासव, देवाकडे तोंड करून. त्याच्या पाठीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग कासव बघतं तिकडे नमस्कार करायचा आणि घरी येऊन चहा घ्यायचा. ज्या दिवशी कासव नाही, त्या दिवशी चहा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा हा नेम.

यंदा नीलेशने, माझ्या मुलाने, अंदमानला नेलं. पोर्ट ब्लेअरला होतो तोवर शेजारच्या मनिषाने पनवेलहून व्हिडिओ कॉलवर कासव दाखवलं. मी भक्तिभावाने काचेवर बोट टेकवलं, तर फोनच कट झाला. तरी दर्शन झालं असं धरलं. पण ज्या बेटावर आमचं रिसॉर्ट होतं तिथे रेंजच नाही. पहिली सकाळ बिनचहाची गेली, दुसरीही. डोकं ठणकू लागलं. सूनबाई, प्राजक्ता, तीही गप्प गप्प. मला वाटलं, बिचारीला बोट लागली.

देव काय चहाचे कप मोजायला बसलाय का, असं नीलेशने विचारलं. मी म्हटलं, तो नसेल बसला, मी बसलेय ना.

स्नॉर्कलिंगच्या होडीवरचा सुदाम निघाला आमच्याच बाजूच्या करंजा गावचा. इथे कासवं दिसतात का, हे मी त्याला हळूच विचारलं. रोज दिसतात म्हणाला. मग मी कशाला थांबते? नीलेशने स्वतःच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि कॅमेरा सांभाळायला वर कुणीतरी हवंच, असं जाहीर केलं. प्राजक्ताचं डोकं दुखत होतं. उतरले मी एकटीच, सुदामच्या तरंगत्या रिंगला धरून.

"मावशी, कासवाला हात नाय लावायचा," त्याने बजावलं. "गुन्हा हाय."

झालं. हात लावल्याशिवाय नेम कसा पुरा होणार?

पाण्यात तोंड घातलं आणि घटकाभर नेमच विसरले. करंजाला मासळी वाळत असते तिथून जाताना मी नाकाला पदर लावते. इथे मासळीच नाकापाशी येऊन मला न्याहाळत होती. एक निळाहिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, त्याचा आवाज थेट कुरडई मोडल्यासारखा. वाळूत एक काळं लांबुळकं जनावर पडवळासारखं पडून होतं, त्याला कशाचंच काही नव्हतं.

आणि मग कासव. शांतपणे गवत खात होतं. मी रिंग सोडली आणि दोन्ही हात जोडले. पुढच्या क्षणी सुदामने मला दंडाला धरून वर काढलं होतं.

"नमस्कार करत होते रे," मी तोंडातली नळी काढून म्हटलं.

"मला वाटलं, तुमी चाललात देवाघरी."

पुन्हा खाली पाहिलं, तर ते आता माझ्या हाताच्या अंतरावर आलं होतं. शेवाळलेली पाठ, अगदी देवळातल्यासारखी. हात आपोआप पुढे गेला. त्याने म्हाताऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. देवळातल्या कासवाला पळता येत नाही. याला येत होतं, तरी थांबलं होतं. मी हात मागे घेतला. चहा राहिला तर राहिला.

तेवढ्यात ते श्वास घ्यायला वर निघालं, मीही डोकं वर काढलं. मान उंचावून ते आमच्या होडीकडे बघत होतं. काठावर वाकून प्राजक्ता उभी होती, हातात थर्मास.

"झालं का दर्शन, आई?" ती हळूच म्हणाली. "दोन दिवस मीही चहा घेतलेला नाही. तुम्ही नाही घेत तर मी एकटीने कसा घ्यायचा?"

म्हणजे बोट लागलीच नव्हती. कासव बुडी मारून गेलं. जिथून गेलं तिथलं पाणी मी ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं आणि कासव बघत होतं तिकडे हात जोडले.

सुदामने पुन्हा दंड पकडला.

"सोड रे," मी म्हटलं. "प्राजक्ता, आधी तुझा कप भर."