बेलपांढरीची नऊ मतं

बेलपांढरी नावाचा एक मतदारसंघ होता, हे आता बेलपांढरीतल्या पोरांनाही ठाऊक नाही. पुनर्रचनेत त्याचे दोन तुकडे झाले आणि ते इकडच्या-तिकडच्या मतदारसंघांना जोडले गेले. वाटण्या झाल्यावर पाटा कोणाकडे आणि वरवंटा कोणाकडे, हे दुसऱ्या पिढीत कोण विचारतो?

मी विचारतो. आर्वीच्या एसटी डेपोत छत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. सुटलेल्या गाडीची नोंद ठेवायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही, म्हणून या सुटलेल्या मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसलो. आमची मोहिनी म्हणाली, "जे मेलं त्याचा इतिहास लिहून राह्यले. घरातला नळ दोन महिन्यांपासून गळून राह्यला, त्याचा लिहा नं!" नळाचा इतिहास मोठा होता, पण वाचक एकटी तीच.

पुस्तक जवळजवळ झालं होतं. अडलं होतं ते एका फोटोसाठी. श्रावण गुरुजींच्या.

गुरुजी बेलपांढरीचेच. एका खासगी शाळेत शिकवत आणि दुपारी चावडीत मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग घेत. वस्तीतले बौद्ध आणि वरच्या आळीतले कुणबी एकाच सतरंजीवर बसत, गुरुजींची शिस्तच तशी. बासष्ट साली ते अपक्ष उभे राहिले, निशाणी शिडी, आणि दोनशे चौदा मतांनी पडले. मतमोजणीच्या मंडपात त्यांच्या स्वतःच्या गावाचा आकडा पुकारला गेला: शिडी, नऊ. गुरुजी तिथूनच उठले. दुसऱ्या दिवशी बायको-पोरीला घेऊन आर्वीला आले आणि मरेपर्यंत बेलपांढरीच्या रस्त्याला लागले नाहीत.

ती पोरगी म्हणजे नलूताई. आता चौऱ्याहत्तरच्या, निवृत्त परिचारिका, आमच्याच गल्लीत राहतात. गुरुजींचा एकुलता एक फोटो त्यांच्याकडे. मी तीनदा मागितला.

"धनंजयभाऊ, चहा प्या आन जा," त्या म्हणाल्या. "बाबानं त्या गावाले बाराखडी शिकोली. आन गावानं काय देलं? नऊ मतं. वस्तीतलेही नाई, वरचेही नाई. बाबा मरतानी मले म्हने, 'नलू, माह्यं काय चुकलं वो?' त्याचं उत्तर आनून द्या, मग फोटो न्या."

मला राग आला. चहाही अर्धाच पिऊन उठलो. पण घरी येईपर्यंत राग उतरला होता आणि प्रश्न मात्र डोक्यात तसाच होता. बाप मरताना काय चुकलं म्हणून विचारतो आणि पोरीला सांगता येत नाही, हे काही फोटोपुरतं प्रकरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बेलपांढरीला गेलो. बासष्ट साली मत दिलेलं कोणी जिवंत आहे का, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच घर दाखवलं. सीताबाई, वय शहाऐंशी, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेजारी बाजेवर त्यांचे यजमान तानबा, नव्वदीचे, उन्हात पाय सोडून बसलेले.

गुरुजींचं नाव काढताच सीताबाईंचे हात थांबले. "देव मानूस होता बाप्पा. बाकीच्या गावांनी पाडलं त्याले. आमचं गाव तं पुरं त्याच्याच मांगं होतं!"

"आजी, नऊ मतं पडली तुमच्या गावातून."

"कोन सांगते? मी सोता मत देलं! आमी साऱ्या बाया गेलतो, नवी लुगडी नेसून. गुरुजीची शिडी सोडून बाकी साऱ्यायवर फुली मारली. एकालेही सोडलं नाई!"

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. "काय मारली?"

"फुली, फुली! तो शिक्का नाई का, फुलीचा? वर्गात गनित चुकलं का गुरुजी पाटीवर फुली मारत. बरोबर असलं तं तसंच ठेवत, हातही लावत नसत. मंग आमी काय येडे आहो का शिडीवर फुली मारायले? शिडीले कोरं ठेवलं. साऱ्या गावाले तसंच सांगतलं मी, घरोघरी जाऊन."

शिक्का मारून मत द्यायची ती पहिलीच वेळ. त्याआधी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकली की झालं. नवी पद्धत गुरुजींनी गावोगाव फिरून समजावली होती. मी हळूच विचारलं, "आजी, शिक्का कसा मारायचा ते गुरुजींनी इथं सांगितलं नाही?"

"इथं कायले येतीन? म्हनत, आपल्या गावाची काय चिंता!"

मी पिशवीतून निकालाच्या तक्त्याची छायाप्रत काढली. वर्षभर ती माझ्याकडे होती. उमेदवारांचे रकाने उतरवून घेतले होते, शेवटचा रकाना निकामी म्हणून कधी पाहिलाच नव्हता. तसा मी स्वतःला फार काटेकोर समजतो. शेवटच्या रकान्यात बेलपांढरीसमोर लिहिलं होतं: बाद मतं, तीनशे एक्क्याऐंशी. आणि गुरुजी पडले होते दोनशे चौदांनी.

मी हसू लागलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी फार चांगलं शिकवलं होतं, तेवढंच.

"तरी एक गद्दार निंगालाच," सीताबाई कडाडल्या आणि त्यांनी बाजेकडे बोट केलं. "हा! वर्गात एक दिवस आला नाई. शिडीवर फुली मारून आला आन वरून मलेच सांगते. तवापासून तीन महिने बोलली नाई मी याच्यासंग. अजूनही आठोन आली का भाजीत तिखट जास्त पडते माह्या हातानं."

बाजेवरून शांत आवाज आला. "शिक्का देनाऱ्या साहेबानं सांगतलं, ज्याले द्यायचं त्याच्यावर मार. मी मारली. त्रेसष्ट वर्षं झाले सांगून राह्यलो."

मी तक्ता मांडीवर ठेवून दोघांना सगळं समजावून सांगितलं: फुली आपल्या माणसावर मारायची, आणि एकाहून जास्त फुल्या पडल्या की मत बाद. सीताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "म्हनजे गुरुजीले म्या पाडलं?"

"नाही आजी. सगळ्या वर्गानं मिळून."

तरी त्या रडल्याच. तानबा बाजेवरून उठले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तिखट तेवढं कमी करजो."

परतल्यावर नलूताईंना तक्ता दाखवला. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं, आकडा दोनदा वाचला. मग मी फुलीची गोष्ट सांगितली. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि इतक्या हसल्या की शेजारची बाई डोकावून गेली. हसणं थांबलं तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं. "तीनशे एक्क्याऐंशी," त्या म्हणाल्या. "बाबा गेल्यावर कळलं हो मले. कोनी त्याले सोडलं नव्हतं." मी या वेळी चहा पूर्ण प्यायलो.

दोन दिवसांनी आम्ही बेलपांढरीला गेलो. मोहिनीही आली. इतिहासाशी तिला अचानक जिव्हाळा वाटू लागला होता, नळ विसरली होती म्हणा. पुस्तकासाठी फोटोची प्रत काढून झाली होती; मूळ फोटो नलूताईंच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. गाडी गावाच्या फाट्यावर वळली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

सीताबाई दारातच उभ्या होत्या. नलूताईंना पाहून त्यांनी हात जोडले. "माय, माफ कर आमाले."

"माफी कायची?" नलूताईंनी ते हात धरून खाली केले. "बाबाचा एकही विद्यार्थी नापास नाई झाला, हे सांगाले आली मी."

मग त्या बाजेपाशी गेल्या आणि वाकून तानबांच्या पायांना हात लावला. बाबांना मिळालेल्या नऊ मतांतलं एक त्यांचं होतं. तानबा गोंधळून म्हणाले, "अवो बाई, मी तं वर्गात कधी आलोच नाई."

सीताबाईंनी गुरुजींचा फोटो दोन्ही हातांनी घेतला, भिंतीला टेकवून ठेवला. मग आतून त्यांनी फुटकी पाटी आणली, वर्गातली, त्रेसष्ट वर्षं जपलेली. फोटोसमोर बसून खडूनं हळूहळू 'श्रावण गुरुजी' असं लिहिलं आणि पाटी नलूताईंकडे केली.

"पाह्य बरं माय, बरोबर आहे का?"

नलूताईंनी पाटी पाहिली. त्यांनी तिच्यावर काहीच खूण केली नाही, तशीच परत दिली. सीताबाई लहान मुलीसारख्या हसल्या.