पाटीवरचा ठोका

पत्रेवाल्याच्या बायकोला इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कानात एकही गोष्ट सांगता आली नव्हती. पत्रा ठोकून ठोकून त्याचे कान गेलेले. ऐकायचं यंत्र आणलं होतं, पण ते खिळ्यांच्या डब्यात पडून. त्यात म्हणे हातोडी फार वाजते. त्यामुळे तिनं प्रेम केलं ते ओरडून, भांडली तीही ओरडून, आणि आत्ता नेमकं कुठलं चाललंय याचा शेजाऱ्यांना कायम घोळ. दुकानाच्या वर घर, घरात सासूबाई, आणि सासूबाईंचे कान मात्र ठणठणीत.

आणि आता सांगायची गोष्ट अशी होती की ती ओरडून सांगून चालणार नव्हतं. परवा लेकीचा फोन आला. "आई, मी ते घर सोडतेय. कायमचं. आधी फक्त बाबांना सांग. आणि ते काय म्हणतात ते खरं सांग हं, साखर पेरून नको. येऊ नको म्हणाले तर मी इकडेच खोली बघते."

काय म्हणतील? जावई म्हणजे नवऱ्याच्या गळ्यातला ताईत. तिला खरंच अंदाज येईना. चिठ्ठी लिहून द्यावी तर तो ती मोठ्यानं वाचणार, आणि वर सासूबाई.

म्हणून ऐन कामाच्या दिवशी तिनं नवऱ्याला बसमध्ये कोंबलं आणि समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात आणलं. तिथं चिटपाखरू नसतं असं कुणीतरी म्हणालं होतं. समुद्रासमोर उभं राहायचं आणि पोटभर ओरडायचं, असा तिचा बेत.

माणूस नव्हतं हे खरं. पाखरं मात्र चिकार होती. खारफुटीच्या झाडाझाडावर बगळे अंडी उबवत बसलेले, आणि फाटकाशी पत्र्याची भली मोठी पाटी: आवाज करू नका.

"काय लिहिलंय?" नवऱ्यानं विचारलं. चष्मा घरी राहिला होता, आवाज मात्र सोबत आणलेला.

अर्धं झाड उडालं. रखवालदार ओठांवर बोट ठेवून धावत आला. नवऱ्यानंही शहाण्या मुलासारखं ओठांवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून चालू लागला. जन्मात कधी गप्प न बसलेला माणूस गप्प बसला, तो नेमका आज.

चिखलावरून लाकडी फळ्यांची वाट गेली होती. ती वळली, पुन्हा वळली. सगळीकडे तीच झाडं, तीच उघडी मुळं. आलो कुठून, चाललो कुठं, तिला उमजेना. मागं रखवालदार होताच. नवऱ्यावर त्याचा भरवसा उरला नव्हता.

तिनं खुणा करून बघितल्या. लांबवर बोट दाखवलं, डोळे पुसल्यासारखं केलं, सामान उचलल्यासारखं केलं.

"पिशवी बसमध्ये राहिली?" नवऱ्यानं कुजबुजत विचारलं. त्याची कुजबूज म्हणजे इतरांची हाक. रखवालदार खाकरला.

किनाऱ्यावर पोचल्यावर तिनं काटकी घेतली आणि ओल्या वाळूत मोठ्या अक्षरांत लिहिलं: लेक घर सोडून परत येतेय. नवरा वाकला, डोळे बारीक केले.

"काय पडलं? कानातलं?" तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी वाळू चाळायला लागला. अक्षरांतली लेकही गेली, घरही गेलं. "सापडेल गं. रडतेस कशाला?"

ती खरंच रडत होती, पण नक्की कशासाठी, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बसची वेळ झाली. फाटकाशी येताच नवरा पाटीजवळ थांबला. पत्रा दिसला की हात लावायचाच, ही त्याची खोड. तळवा टेकवून तो पुटपुटला, "पातळ वापरलाय. गंजलाय बघ."

तिला एकदम दुकान दिसलं. लेक शाळेतून यायची तेव्हा तो ठोकत असलेल्या पत्र्याच्या दाराकडच्या टोकावर बोटांनी ठोके द्यायची, दोन सावकाश, तीन भराभर. याला ऐकू यायचं नाही, पण हातातल्या पत्र्यातून थरथर पोचायची. मग तो हातोडीचा एकच ठोका द्यायचा. म्हणजे, आत ये.

तिनं पाटीच्या कडेला हळूच बोटं वाजवली. दोन सावकाश. तीन भराभर.

नवरा गर्रकन मागं वळला. फळ्यांची वाट रिकामी होती. "कुठाय?"

तिनं लांबवर बोट दाखवलं. मग तेच बोट घराच्या दिशेनं वळवलं.

"राहायला?"

तिनं मान डोलावली.

"कायमची?"

तिनं पुन्हा मान डोलावली. तो पाटीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ दिसत होती. पाठीवरून काय कळणार! मग त्यानं मूठ उचलली आणि पाटीवर असा दणका हाणला की किनाऱ्यावरचे सगळे बगळे आभाळात गेले.

हा राग, की उत्तर?

रखवालदार हातवारे करत आला. "अहो, वाचता येत नाही का? हे काय चाललंय?"

नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. नाक पुसत तो बायकोला म्हणाला, "वरच्या खोलीचा पत्रा गळतो. उद्याच काढतो. आईला काय सांगायचं ते तू बघ."

"मी?" ती ओरडली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

रखवालदार एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "ताई, झालं काय नेमकं?"

"काही नाही हो," ती कुजबुजली. "आमच्यात याला 'आत ये' म्हणतात."

त्याला काही कळलं नाही. डोक्यावर बगळे अजून घिरट्या घालत होते, बसायचं कुठं ते ठरत नसल्यासारखे.