धवला गिळणारं अ‍ॅप

मित्रांनो, मी आवाज साठवणारं एक जुनं अ‍ॅप आहे. खरं सांगायचं तर मला हल्ली माझीच किळस येते.

गिरगावच्या हेरंबने मला तयार केलं. मी साधं होतं, पण इमानी. गाणं साठवताना कुणाचा फोन आला की मला मागे सरावं लागे. त्याआधी फोनकडून एक निरोप यायचा, "आवर!" तो आला की मी लगेच साठवलेलं सगळं जपून ठेवत असे. लोक कौतुक करायचे.

मग हेरंबला नव्याचं वेड लागलं. जागं कसं व्हायचं, मागे कसं सरायचं, ही माझी सगळी रीतच त्याने बदलली. नव्या रीतीत तो निरोप दुसऱ्याच दाराने येतो. जपून ठेवण्याचं काम मात्र या शहाण्याने जुन्या दारापाशीच ठेवलं! वर चाचणी केली ती फोनचं नेटवर्क बंद करून. मध्येच कुणाचा फोन येऊन व्यत्यय नको म्हणे. शी! आणि दिलं मला पाठवून.

वरळी कोळीवाड्यात श्रेयाच्या काकाचं लग्न होतं. तिची आजी रमाबाई धवलारीण, म्हणजे मांडवात धवला गाऊन देवांना लग्नाला बोलावणारी. तो अख्खा धवला आता तिच्या एकटीच्याच तोंडी उरलेला. श्रेयाने मला तिच्यापुढे धरलं. म्हातारी डोळे मिटून गायली. शेवटचं कडवं संपतंय तोच बँडवाल्याचा फोन. "आले आले, नाक्यावरच थांबा!" म्हणत श्रेया धावली. मला मागे सरायची वेळ आली. निरोप नव्या दाराने आला, पण ऐकायला तिथे कोणीच नव्हतं. फोनला जागा हवी झाली, त्याने मला बंद केलं. धवला गेला.

श्रेया रडकुंडीला आली. "आजी, परत गा ना गो!"

"नाय गो बाय. देव आले, जेवले, गेले. रिकाम्या मांडवात कोणाला बोलावू?"

हेरंबने पुढे चूक सुधारली. वर जाहिरात केली, 'आता आणखी भरवशाचं!' लाज कशी वाटत नाही?

मित्रांनो, नवी रीत जरूर आणा. पण जुनी रीत मुकाट्याने काय काय सांभाळत होती, ते आधी बघा.

परवा रमाबाई नातीला म्हणाली, "पुढल्या मांडवात माज्या बाजूला बस, नि माज्यासंगती गा. ह्या डबड्याला घरी ठेव."

श्रेयाने मान डोलावली आणि मला काढून टाकायला बोट टेकवलं. टेकवू दे.